दोन मिनिटांतली भार्गवीअम्मा

“खऱ्या माणसाला धरून गोष्ट रचू नकोस गं, जिस्मी,” वॉर्डातली थोरली सिस्टर ग्रेसीचेच्ची, म्हणजे ग्रेसीताई, तिला म्हणाली होती. वॉर्डातल्या टेबलाशी उभ्या उभ्या, काखेत दोन फायली, अंबाड्यात पेन खोचलेलं. “खोटं माणूस घे. ते हवं तसं वळतं. खऱ्याला घेतलंस आणि चाळीस वेळा घोकलंस, की पुढे तुला घोकलेलंच आठवेल. मी सौदीला जाताना इंटरव्ह्यूसाठी माझ्या अप्पाच्या मरणाची गोष्ट केली होती. पास झाले. पण अप्पा कसा गेला, ते मला आता त्या इंग्रजीतच आठवतं.” जिस्मी तेव्हा हसली होती. ग्रेसीचेच्चीला कशातही काहीतरी अशुभ दिसायचंच. नव्या चादरींत, रविवारच्या डिस्चार्जात, डाव्या हाताने दिलेल्या चहात. “मला चौदा वर्षं सौदीत काढायची नाहीयेत चेच्ची, दोन मिनिटं बोलायचंय फक्त,” असं काहीतरी जिस्मी म्हणाली आणि औषधांची ट्रॉली ढकलत पुढे गेली.

शिवाय तिच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. अंगमालीच्या बसस्टँडसमोर, बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर बेन्नी सरांचा क्लास. जिना चढताना भाजलेल्या पावाचा वास यायचा आणि सकाळी न खाता निघालेल्या मुली भराभर वर जायच्या. विलायतेतली हॉस्पिटलं इंटरव्ह्यूत एक प्रश्न हमखास विचारतात: पेशंटची काळजी घेताना तुमच्या हातून काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, असा एक प्रसंग सांगा. त्यासाठी सरांकडे नऊ गोष्टींचा एक कागद होता. बाथरूममध्ये घसरलेली म्हातारी, पेनिसिलीन न सोसणारा तरुण, अंगावर धावून आलेला नातेवाईक, अशा नऊ. गेल्या वर्षी एकाच दिवशी एकाच पॅनलसमोर चार मुलींच्या चार म्हाताऱ्या एकाच बाथरूममध्ये पडल्या, तेव्हापासून सर गोष्टी वाटून द्यायला लागले होते. मुली एकमेकींना विचारायच्या, “तुला काय मिळालं? मला तो भांडखोर जावई.” “मला परत म्हातारीच. तू आपली बदलून देतेस का गं?” तिच्या लेकीला, टेसाला, कांजिण्या आल्या म्हणून जिस्मी दोन आठवडे उशिरा क्लासला लागली, तोवर नऊच्या नऊ गोष्टी संपल्या होत्या. “आता तू तुझी आण,” सर म्हणाले. “सहा वर्षं वॉर्डात काढलीस ना? एखादी तरी म्हातारी असेलच की.” आणि जिस्मीच्या तोंडून पटकन भार्गवीअम्मा निघून गेली. पुढे कितीदा तिच्या मनात आलं, की त्या दिवशी दुसरं कुणीही आठवलं असतं तरी चाललं असतं. पण इतक्या पटकन तीच आठवली, ती का, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

सरांनी गोष्ट घासूनपुसून दिली. खुब्याच्या ऑपरेशनचा चौथा दिवस. ड्यूटी संपता संपता म्हातारी सांगते, डाव्या हाताला मुंग्या येतायत. जिस्मी थांबते. तिचे दोन्ही हात स्वतः उचलून तसेच वर धरायला सांगते, हसून दाखवायला सांगते, डावा हात खाली येतो हे बघते, धावत डॉक्टरांना बोलावते. दहा मिनिटांत स्कॅन. जीव वाचतो. आणि चूक? चूक एवढीच, की या धावपळीत नोंद करायला पाच मिनिटं उशीर झाला. त्यातून मी हे शिकले. “चूक अशी हवी,” सर म्हणायचे, “की सांगताना आपणच मोठे दिसलो पाहिजे.” दोन मिनिटांत बसवायची. जिस्मीने ती भांडी घासताना बसवली, कपडे वाळत घालताना बसवली, बसमध्ये ओठ न हलवता बसवली. इंग्रजी उच्चारांसाठी जीभ टाळूला कुठे लावायची आणि कुठे नुसती तरंगत ठेवायची हेही ठरून गेलं. भार्गवीअम्माचा हात नेमक्या छप्पन्नाव्या सेकंदाला खाली यायला लागला.

इंटरव्ह्यू शनिवारी होता. आणि तो शेवटचा होता, कारण तिच्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो आणि ती दोन वर्षं मार्चात संपत होती. आधीच्या दोन पॅनलांनी तिला नाकारलं होतं. पहिल्यात तिने समोरच्या बाईंना ‘अम्मा’ म्हटलं, दुसऱ्यात ती गप्पच बसली. हे जमलं तर नऊ-दहा महिने टेसाला सासूबाईंजवळ ठेवून पुढे जायचं आणि मग तिला आणि नवऱ्याला, एल्दोला, बोलावून घ्यायचं. हे जमलं नाही तर वॉर्ड, बस आणि घर. एवढं सगळं त्या दोन मिनिटांवर लटकलं होतं.

गुरुवारी सरांनी शेवटची तालीम घेतली. जिस्मीची गोष्ट एक मिनिट पंचावन्न सेकंदांत संपली. सरांनी घड्याळ टेबलावर पालथं ठेवलं, खुर्चीत मागे रेलले आणि सहज, मल्याळममध्ये, शेजारणीची चौकशी करावी तसं म्हणाले, “छान. मग आता कशी आहे ती म्हातारी?”

“शी इज डुइंग वेल, सर,” जिस्मी म्हणाली. “आपल्या घरी परतली आहे, स्वतःची कामं स्वतः करते.” सगळं इंग्रजीत, एकदाही न अडखळता.

“वा! हेही घाल शेवटी,” सर म्हणाले.

पण जिस्मी पाठीमागच्या भिंतीकडे सरकली आणि तिने हातातली पाण्याची बाटली घट्ट धरली. कारण बोलताना तिने भार्गवीअम्माला पाहिलं होतं. पायरीवर बसलेली, कमरेला गुंडाळलेल्या पांढऱ्या मुंडूचा काठ गुडघ्याखाली खोचलेला, डाव्या हाताने केस धरून उजव्या हाताने विंचरणारी. ऊन तिच्या पावलांवर होतं. इतकं लख्ख, की पायाच्या अंगठ्याचं फुटलेलं नखही दिसलं. आणि जिस्मीने भार्गवीअम्माला वॉर्डातल्या अकरा नंबरच्या कॉटवर सोडून दुसरीकडे कुठेही, कधीही पाहिलेलं नव्हतं.

घरी जाताना पेरुंबावूरच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. कालडीचा पूल गेला, नदी गेली, प्लायवूडच्या कारखान्यांचा तो आंबूस, ओल्या लाकडाचा वास सुरू झाला. खरं काय झालं होतं? असं तिने स्वतःला विचारलं, की तोंडात पहिलं वाक्य तयारच असायचं: ती सकाळच्या पाळीची अखेर होती. पुढे सगळं आपोआप उलगडायचं, थांबते, हात वर, हसून दाखवा. जणू मनाच्या त्या खोलीला एकच दार होतं आणि ते सरांनी बसवलेलं. तिने डोळे मिटले. मग छातीत काहीतरी आठवलं. छातीतच. दुधाने दगड झालेली छाती. टेसा तेव्हा पाच महिन्यांची होती, बाटली तोंडात धरायची नाही. जिस्मी पोचेपर्यंत रडून रडून निळी पडायची आणि सासूबाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत राहायच्या. पावणेदोनची बस गेली की पुढची तीनला. त्या दिवशी गणवेशाच्या आत घातलेली कापडाची घडी भिजून गेली होती आणि ओलं बाहेर दिसेल म्हणून तिने फाईल छातीशी धरली होती. होय. फाईल होती. निळी. दोन्ही हातांनी धरलेली. म्हणजे तिने भार्गवीअम्माचा हात कशाने उचलला असेल?

“मोळे,” भार्गवीअम्मा म्हणाली होती. पोरी. “हा हात माझा नसल्यासारखा वाटतोय.”

मुंग्या नव्हे. मुंग्या सरांनी घातल्या होत्या. हात माझा नसल्यासारखा वाटतोय, हे इंग्रजीत नीट बसेना म्हणून.

“एका कुशीवर पडून राहिलात की तसंच होतं, अम्मूम्मे,” जिस्मी म्हणाली होती. चालता चालता. “जरा वळून झोपा, बरं वाटेल.” “बरं, मोळे,” भार्गवीअम्मा म्हणाली. आणि मग आणखी काहीतरी म्हणाली, ते जिस्मीला ऐकू आलं नाही, कारण ती तोवर दारातून बाहेर पडली होती. बस मिळाली. टेसा छातीला लागली तेव्हा तिला इतकं सुख वाटलं की तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी अकरा नंबरवर नवी चादर होती आणि पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस वर्तमानपत्र वाचत पडला होता. दुपारी चारला मेडिकल कॉलेजला हलवलं, असं वहीत होतं. “डाव्या अंगावरून वारं गेलं म्हणे,” ग्रेसीचेच्ची हळूच म्हणाली. “तुझं नाव कुणी घेतलेलं नाही. तूही विचारत बसू नकोस.” तिने विचारलं नाही. त्या क्षणी जे वाटलं होतं ते मात्र तिला स्वच्छ आठवलं, त्याला कधी तालमीचा हात लागलाच नव्हता: सुटले, असं वाटलं होतं.

घरी आली तर टेसा अंगणात जांभळाच्या बिया चिखलात रोवत होती. घरात सहा ते आठ फक्त इंग्रजी, असा सरांचा नियम. “हॅलो, माझं नाव जिस्मी. आज तुमची काळजी मी घेणार आहे. तुम्हाला मी काय म्हणून हाक मारू?” रोजच्याप्रमाणे तिने पोरीसमोर बसून इंग्रजीत सुरुवात केली. टेसाने तिच्याकडे बघितलं, मातीचा हात उचलला आणि आईच्या तोंडावर दाबून धरला. “असं नको बोलू,” ती म्हणाली. “तू कुठे गेलीस?”

“बघ, लेकरालाही कळतं,” सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, फणसाचे गरे सोलत, बोटांना खोबरेल तेल लावून. “संध्याकाळ झाली की आमच्या घरात एक मॅडम येतात. सून कुठे जाते देव जाणे.”

“मॅडमना चहा द्या म्हणावं अम्मा,” एल्दो न्हाणीघरातून ओरडला. तो प्लायवूडच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि अंगाचा भुसा धुवायला त्याला अर्धा तास लागायचा. टॉवेल गळ्यात टाकून तो बाहेर आला. “मी हिंदी कुठल्या क्लासात शिकलो? कामावरच्या उत्तरेकडच्या मजुरांकडून, आपल्या बंगाल्यांकडून शिकलो. शिव्यांपासून सुरुवात केली, आता त्यांच्या बायकांशी फोनवर बोलतो.”

“मग मीही पॅनलसमोर शिव्यांपासूनच सुरुवात करते, चेट्टायी.”

“कर. निदान तुझ्या स्वतःच्या तरी असतील.”

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. ओल्या केसांना साबणाचा वास येत होता. “समज, मी खरं जे झालं ते सांगितलं तर?” तिने त्याला ती दुपार सांगितली. पहिल्यांदाच. दूध, बस, फाईल, सगळं. एल्दोने टॉवेलने कान पुसले. “तू तेव्हा बाळंतीण होतीस,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आणि खरं सांगायला ते काय कोर्ट आहे? इंटरव्ह्यू आहे. जे विचारलं त्याचं उत्तर द्यायचं आणि उठायचं.” थोड्या वेळाने प्रार्थनेची घंटा झाली. सगळे चटईवर बसले. सासूबाई पुढे म्हणत होत्या, बाकीचे मागून. जिस्मीचे ओठ हलत होते, लहानपणापासूनचे शब्द, अर्थाकडे न बघता सरसर सरकणारे. एकाएकी तिला भीती वाटली, की हेही आपण कधीतरी कुठल्यातरी पॅनलसाठीच पाठ केलं असेल.

शनिवारी क्लासच्या आतल्या काचेच्या खोलीत लॅपटॉपसमोर तिला बसवलं. पडद्यावर दोघी होत्या. एक तरुण, एक पिकल्या केसांची, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेली. तिच्यामागे खिडकीत राखाडी उजेड होता. काचेपलीकडे बेन्नी सर दोन्ही अंगठे वर करून उभे होते. पहिली उत्तरं गुळगुळीत गेली. मग तो प्रश्न आला. “ती सकाळच्या पाळीची अखेर होती,” जिस्मीने सुरुवात केली. तिला स्वतःचा आवाज दुरून, दुसऱ्या कुणाच्या घरात लागलेल्या रेडिओसारखा ऐकू येत होता. खुब्याचं ऑपरेशन, चौथा दिवस. छप्पन्नावा सेकंद जवळ येत होता. आता हात उचलायचा होता. तिने मनातल्या मनात हात पुढे केला आणि तिच्या हातात निळी फाईल होती.

ती थांबली. काचेपलीकडे सरांचे अंगठे खाली आले.

“मी थांबले नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. “तिने सांगितलं. मी चालत होते. माझं बाळ घरी. माझं दूध आलेलं. बस उभी होती. मी म्हटलं, वळून झोपा.” वाक्यं तुटत होती, काळ चुकत होते, जीभ कुठे लावायची ते तिला आठवत नव्हतं. “मी तिच्या हाताला हात लावला नाही. तो हात तिचा राहिला नव्हता. तिने मला तसंच सांगितलेलं.”

पिकल्या केसांच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “मग त्यांचं पुढे काय झालं?”

“मला माहीत नाही.”

“तुम्ही चौकशी केली नाही?”

“नाही.”

“का?”

ती गप्प बसली. मागच्या वेळीही ती गप्प बसली होती, आणि म्हणूनच नापास झाली होती. बाईंनी काहीतरी लिहिलं. आणखी दोन प्रश्न विचारले, ते काय होते तेही तिला पुढे सांगता आलं नाही. बाहेर आली तेव्हा सर जिन्यापर्यंत सोबत आले आणि तिथूनच परत फिरले. बेकरीतून तिने टेसासाठी एक बन घेतला आणि बसमध्ये तो स्वतःच खाऊन टाकला.

मंगळवारी पत्र आलं. तिला घेतलं होतं. एल्दोने तिला उचलली, सासूबाईंनी डोळे पुसले आणि टेसा नुसतीच नाचली. बेन्नी सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज आनंदाने चिरकत होता. “अगं तू काय केलंस माहितीये? त्या बाईंनी एजन्सीला कळवलंय, की त्या दिवशीचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तुझं होतं. प्रामाणिक! मी काचेला कान लावून ऐकत होतो. ते ‘मला माहीत नाही’, आणि नंतरची ती शांतता! आपण इतकी वर्षं गाढवासारखे जीव वाचवत बसलो. येऊन बॅचला एकदा करून दाखव.”

ती पेढे द्यायला गेली तेव्हा दाराशीच तिला ऐकू आलं. आत एक मुलगी उभी होती, कोदमंगलमची, लग्न न झालेली, वेणीत मोगरा. “माझं बाळ घरी. माझं दूध आलेलं,” ती तुटक इंग्रजीत म्हणत होती, अगदी जिस्मीच्याच चुका जपून. “मी थांबले नाही.” मग तिने मान खाली घातली. सर घड्याळाकडे बघत बोटांनी मोजत होते. चार सेकंद. पाच. “अजून थोडं,” ते म्हणाले. “शांतता पिकू दे.” कागदावर आता दहावी गोष्ट होती. जिस्मीने पेढ्यांचा पुडा बाकावर ठेवला आणि ती उतरून गेली. जिन्यात तिला वाटलं, की आपणही त्या शनिवारी मनात सेकंद मोजत होतो का? नव्हतो, असं तिला पुन्हा पुन्हा वाटलं. पण किती पुन्हा पुन्हा वाटल्यावर तेही पाठ होतं, हे तिला आता कळत होतं.

निघायच्या आठ दिवस आधी ती इल्लिक्कडवूला गेली. पिरवमच्या अलीकडे, नदीकाठचा थांबा. भार्गवीअम्मा आल्यागेल्या प्रत्येक सिस्टरला घराचा पत्ता सांगायची: रेशनच्या दुकानामागे, खाली नदीकडे जाणारी वाट, दारात जांबाचं झाड, कुणालाही विचार मोळे. जिस्मी दुकानापर्यंत पोचली. वाटही दिसली. झाडाखाली गुलाबी जांब पडून सडले होते, कुणी वेचले नव्हते. पण दोरीवर एक पांढरा मुंडू वाळत होता, काठ सारखे करून, पिळून नीट झटकून घातलेला. एका हाताने मुंडू असा पिळता येतो का? की पिळणारं दुसरंच कुणी होतं, सून, लेक, नवा भाडेकरू? ती वीसेक पावलांवर उभी राहिली. आतून भांड्याचा आवाज आला. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तोंडात आधी इंग्रजी आलं: हॅलो, माझं नाव जिस्मी. तिने तोंड मिटलं. जे कळेल त्याची आपण पुढे कुठेतरी, कुणासमोर तरी, चांगलीशी गोष्ट करू, हे तिला तिथे उभ्या उभ्या दिसलं. दुकानदार मान बाहेर काढून म्हणाला, “कोण पाहिजे, पेंगळे?” ताई. ती “बस किती वाजता?” एवढंच म्हणाली.

आता ती तिकडे आहे, राखाडी खिडकीच्या देशात, आणि रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर टेसाला तिच्याच मल्याळममध्ये हाका मारते. वॉर्डात पेशंटना हात दाखवा म्हणते, उचला म्हणते, प्रत्येकाचा हात आधी आपल्या हातात घेते. तिचं काम चांगलं आहे असं सगळे म्हणतात. पण तुमच्यापैकी कुणी कधी पिरवमच्या बाजूला गेलं, तर तिचं एक काम करा. इल्लिक्कडवूला उतरा. भार्गवीअम्मा आहे का विचारा. जिस्मीचं नाव नाही घेतलंत तरी चालेल. ती असेल, आणि ‘बरी आहे मोळे’ असं म्हणाली, तर लगेच वळू नका. बस चुकली तर चुकू द्या. जरा टेका तिच्याजवळ, तिचा डावा हात हातात घ्या, आणि ती पुढे जे हळू आवाजात म्हणेल, ते पूर्ण ऐकून या.